जीपचा ढेकर

सकाळी दात घासायच्या आधीच आमचा धाकटा नातू शेडमध्ये पळाला आणि पालथं पडून त्याने जीपखालचा पुठ्ठा ओढून काढला. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर रात्रभरात पडलेले तेलाचे डाग तो बोट ठेवून मोजत बसला आणि तिथूनच ओरडला, "आबा, तेवीस!"

तेवीस म्हणजे फार झाले. जुन्या गाडीखाली दोन-चार थेंब पडायचेच. अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो तसे ते समजायचे आणि सोडून द्यायचे. पण तेवीस थेंब आणि तेही गाडी उभी असताना, म्हणजे ही गाडी काहीतरी सांगत होती.

जीप विलीज जातीची, १९६७ सालची, उंच कपाळाची. बॉनेट असं उंच का, हे धाकट्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. चार सिलिंडर, बावीसशे सीसी. विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली आणि पुढे ही उंच कपाळाची जीप खेडोपाडी पोचली. आमच्या लहानपणी वाईच्या रस्त्यावर जीप दिसली की मामलेदार आले किंवा निवडणूक आली, असं समजायचं.

तिच्या तक्रारी चार होत्या. तेल गळत होतं, तेही एका जागेवरून नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, चेंबरच्या कडेने, मागच्या सीलमधून, जिथून वाट मिळेल तिथून. गाडी थांबली की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास यायचा. स्लो पकडत नव्हती, सिग्नलला पाय काढला की गचके देऊन बंद पडायची. आणि वायपर मेल्यासारखा हलायचा. एका गॅरेजवाल्याने डोकं हलवून निदान सांगितलं होतं, "आबा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल." त्याने सांगितलेल्या आकड्यात आमच्या घराचा पत्रा बदलून झाला असता.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगायचो, इंजिन उतरवायला एक दिवस लागतो आणि विचार करायला एक तास; आधी स्वस्तातलं काम करा. म्हणून पोहे खाऊन होताच दोन्ही नातवंडांना शेडमध्ये बोलावलं. थोरली सातवीत आहे. तिला वेणी शर्टाच्या आत खोचायला लावली, कारण चालू इंजिनाचा पंखा केस आणि ओढणी ओळखत नाही. शेडचं दारही सताड उघडलं. गाडीचा धूर कोंडला की माणूस न खोकता, न कळता मरतो.

"काल शेतावर विहीर पाहिलीत ना?" मी विचारलं. "पाण्याची मोटर कुठे होती?"

"आत. खाली, त्या फरशीवर," थोरली म्हणाली.

"काठावर का नाही ठेवली? काठावर ठेवली असती तर दुरुस्तीला बरी पडली असती."

दोघं गप्प. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं. मोटर पाण्यापासून पंचवीस-तीस फुटांहून वर ठेवली तर पाणी उचलत नाही. मोटर कितीही मोठी आणा, दहा घोड्यांची आणा, उपयोग नाही. कारण मोटर पाणी ओढतच नाही. ती फक्त पाइपातला दाब कमी करते. मग विहिरीतल्या पाण्यावर वरून जी हवा बसलेली असते ती पाण्याला दाबते आणि पाणी पाइपात चढतं. या हवेचा जोरच तेवढा आहे. हिशोबाने चौतीस फूट आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या विहिरी खोदणाऱ्यांना हाच अनुभव आला होता. गॅलिलिओलाही या कोड्याने घोळात पाडलं. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमाराला पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. मग चौतीस फुटांची उंची नळीत मावेल एवढी झाली, सुमारे तीस इंच. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राला वजन आहे, हे त्या नळीने दाखवून दिलं.

"किती वजन?" धाकट्याला वजनात फार रस. शाळेत तो सगळ्यात बारीक आहे.

मी जुना पिस्टन त्याच्या हातात दिला. याच जातीच्या इंजिनातला, सव्वातीन इंचांना थोडा कमी रुंद. "याच्या डोक्यावर मुंबईला सुमारे पन्नास किलो हवा बसते. सिमेंटचं एक पोतं."

त्याने पिस्टन हातावर तोलला, वर पाहिलं, परत पिस्टनकडे पाहिलं. "मग हातावर पोतं का लागत नाही?"

"कारण हवा खालूनही तेवढंच ढकलते. बाजूनेही ढकलते आणि तुझ्या आतूनही. एका बाजूची काढून टाक, मग बघ." त्याला माग्डेबुर्गच्या महापौराची गोष्ट सांगितली. ओटो फोन गेरिके त्याचं नाव. त्याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडले, आतली हवा पंपाने काढली आणि १६५७ साली दोन्हीकडून आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोल सुटेनात. ना खिळा, ना डिंक, ना कुलूप. नुसत्या बाहेरच्या हवेने त्यांना दाबून धरलं होतं. हवेची तोटी उघडली तेव्हा ते पोराच्या हातानेही वेगळे झाले.

आता जीपकडे या. पिस्टन खाली येतो तेव्हा वर जागा मोकळी होते. बाहेरची हवा तिथे घुसायला बघते, पण वाटेत कार्बुरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, कारण आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. मग झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. तिथे बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी दाब उरतो. मिस्त्री त्याला व्हॅक्यूम म्हणतात. हे व्हॅक्यूम फुकटचा नोकर आहे आणि आमच्या जीपमध्ये त्याला दोन कामं होती. एक काम वायपर चालवायचं. दुसरं इंजिनाच्या पोटातले ढेकर गिळायचं.

ढेकर म्हटल्यावर धाकटा इतका हसला की पिस्टन पडता पडता वाचला.

पण गोष्ट ढेकराचीच आहे. पिस्टनला रिंगा असतात, गोल, पण एका जागी कापलेल्या. त्या कापाची फट दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी ठेवावीच लागते, नाहीतर रिंग तापून फुगली की सिलिंडरला घट्ट आवळते. वर पेट्रोल पेटतं तेव्हा दाब बाहेरच्या हवेच्या तीस-चाळीस पट होतो. एवढ्या दाबाला दोन कागदांची फट म्हणजे उघडा दरवाजा. थोडा गॅस खाली निसटतो आणि क्रँकच्या पोटात शिरतो. कोऱ्या इंजिनातही निसटतो, जुन्यात जास्त. हेच ते बॅक कॉम्प्रेशन. गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धंच होतं.

"आणि आबा, चार पिस्टन खाली येतात तेव्हा पण पोटातली हवा दाबली जाणार ना?" थोरलीने विचारलं. हा प्रश्न आयटीआयमध्ये वर्षभरात एखादाच पोरगा विचारायचा. उत्तर असं की चारमधले दोन खाली येतात तेव्हा दोन वर जातात. पोटातली जागा तेवढीच राहते. बुलेटसारख्या एकाच सिलिंडरच्या गाडीत मात्र पिस्टन दर फेरीला पोटातली हवा ढकलतो, म्हणून तिच्या ब्रीदरच्या नळीला हात लावला तर फुस्स फुस्स लागतं. जीपच्या पोटात दाब वाढतो तो निसटलेल्या गॅसने.

त्या गॅसमध्ये काय असतं? अर्धवट जळलेलं पेट्रोल, न जळलेलं पेट्रोल आणि पाणी. पाण्यावर दोघांनीही भुवया चढवल्या. पण हे निसर्गाचं साधं गणित आहे. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो जळला, म्हणजे प्राणवायूला मिळाला, की पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जाळा, जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या टोकाशी ठिबकताना दिसतं ते हेच. थोडी वाफ मात्र रिंगांच्या फटीतून पोटात उतरते. इंजिन थंड असलं तर तिथे तिचं पाणी होतं, आणि क्रँक तर रवीसारखा घुसळतच असतो.

मी ऑइल भरायच्या नळीचं झाकण काढलं. या जीपमध्ये ऑइल मोजायची पट्टी त्या झाकणालाच जोडलेली असते. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरं, दाट, अगदी ताकावर आलेल्या लोण्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"लोणी!" धाकटा म्हणाला.

लोणीच. तेल आणि पाणी घुसळून आलेलं. हे दिसलं की काही मिस्त्री हेड गॅस्केट गेलं, रेडिएटरचं पाणी इंजिनात आलं, असं सांगून मोकळे होतात. तसंही असू शकतं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी पाहावं, कमी होतंय का, त्यावर तेल तरंगतंय का. आमच्या रेडिएटरचं पाणी महिन्यात बोटभरही उतरलेलं नव्हतं आणि पट्टीवरचं तेल काळंच होतं, चहासारखं झालेलं नव्हतं. लोणी फक्त झाकणाशी, थंड जागी. म्हणजे वाफ पोटात कोंडत होती आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती.

ही वाट पूर्वी फार ढोबळ होती. इंजिनातून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. गाडी पळू लागली की वारा नळीच्या तोंडावरून जायचा आणि आतला गॅस बाहेर निघायचा. गाडी उभी असली की काहीच नाही. आणि बाहेर पडणारं सगळं, वास, वाफ, तेलाचे फवारे, लोकांच्या नाकात.

यातून बाहेर पडायची गोष्ट अननसाकडून येते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या जुलैत एक दिवस असं धुरकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. महायुद्ध चालू होतं; काहींना वाटलं शत्रूने विषारी वायू सोडला. पुढे त्याच भागात, पॅसाडेनाला, हागेन-स्मिट नावाचा हॉलंडहून आलेला शास्त्रज्ञ अननसाचा वास कशाने येतो ते शोधत होता. हवेतले वास गोठवून धरायची उपकरणं त्याच्याकडे तयार होती. त्याने ती अननसाऐवजी शहराच्या हवेवर लावली. त्याला दिसलं की गाड्यांतून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघालेल्या वाफांवर ऊन पडतं आणि त्यातून ओझोन तयार होतो. हा ओझोन रबरालाही भेगा पाडतो, आणि त्याच्याबरोबर तयार होणारी रसायनं डोळे जाळतात. नंतर हिशोब झाला तेव्हा कळलं, गाडीतून निघणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलच्या वाफांचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, त्या ढेकराच्या नळीतून येतो. १९६१ साली कॅलिफोर्नियाने ठरवलं की ही नळी रस्त्यावर उघडी ठेवायची नाही. ढेकर परत इंजिनातच नेऊन जाळायचा. अमेरिकेत गाडीच्या प्रदूषणावर सक्तीने आलेलं हे पहिलं यंत्र. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की त्याने फारसा खर्च वाढवला नाही. जे पेट्रोल हवेत जात होतं तेच परत कामाला लागलं.

आमच्या जीपच्या घराण्याला हे आधीच माहीत होतं. महायुद्धातल्या लष्करी जीपना अशी बंद नळी होती. नदीनाल्यातून जाताना उघडी नळी पाण्यात बुडाली तर इंजिनाच्या पोटात पाणी जाईल, हा लष्कराचा विचार. लोकांच्या डोळ्यांचा नव्हे.

वाट अशी आहे. हवा एअर क्लीनरमधून गाळून ऑइलच्या नळीत उतरते, क्रँकच्या पोटातून फिरते, तिथला गॅस आणि वाफ सोबत घेते, टॅपेटच्या बाजूच्या कव्हरमधून वर येते आणि कार्बुरेटरशेजारच्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममध्ये शिरते. व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा. आत एक दांडा आणि एक स्प्रिंग. विहिरीतल्या मोटरच्या पाइपाच्या टोकाला जो फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, त्याचा हा शहाणा भाऊ. फुटबॉलला एवढंच ठाऊक की पाणी परत जाऊ द्यायचं नाही. याला तीन गोष्टी ठाऊक असतात. इंजिन स्लोवर असताना व्हॅक्यूम फार असतं, ढेकर थोडे असतात. तेव्हा दांडा खेचला जाऊन वाट बारीक होते. घाट चढताना व्हॅक्यूम पडतं, ढेकर वाढतात. तेव्हा स्प्रिंग दांड्याला ढकलते आणि वाट मोठी होते. आणि कार्बुरेटरमधून उलटा भडका आला तर दांडा मागे आपटून वाट बंद करतो, म्हणजे आग पेट्रोलच्या वाफांनी भरलेल्या पोटात शिरत नाही.

मी गाडी सुरू केली. ऑइलच्या नळीचं झाकण काढलेलंच होतं. थोरलीला वहीचा एक पातळ कागद फाडून नळीच्या तोंडावर ठेवायला सांगितलं. व्हॉल्व्ह धड असेल तर कागद नळीला चिकटायला हवा, कारण आत दाब बाहेरपेक्षा किंचित कमी असतो. कागद ठेवला, तो फडफडला, उडाला आणि बॅटरीमागे जाऊन पडला. त्यावर तेलाचे बारीक ठिपके.

"म्हणजे ढेकर बाहेर येतोय."

बाहेर येतोय, कारण आत जायची वाट बंद आहे. वाट कुठे बंद आहे ते पाहायला फार लांब जावं लागलं नाही. टॅपेट कव्हरवरून व्हॉल्व्हकडे जाणारी रबरी नळी सोडवली तर तिच्या तोंडात एक बोल्ट कोंबलेला, वरून जुबली क्लिप आवळलेली. अगदी व्यवस्थित काम. कोणीतरी मुद्दाम केलेलं.

असं कोण करेल, हा प्रश्न पोरांना पडला. मला पडला नाही, कारण मी हे पूर्वी पाहिलंय. व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला की स्लोवर गरजेपेक्षा जास्त हवा मॅनिफोल्डमध्ये घुसते, मिश्रण पातळ होतं, गाडी गचके देते. नळीत बोल्ट ठोकला की गचके कमी होतात. मालक खूश, पैसे देऊन जातो. सहा महिन्यांनी पोटात कोंडलेला गॅस प्रत्येक पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलू लागतो. मग तोच मालक परत येतो आणि त्याला सांगतात, रिंगा गेल्या. माणसाचं तोंड बंद करून पोटदुखी बरी करण्यातला हा प्रकार.

पण बोल्ट असूनही स्लो नीट नव्हता. म्हणजे हवा अजून कुठूनतरी आत शिरत होती. मी व्हॅक्यूम गेज लावलं. गेज म्हणजे डॉक्टरांच्या बी.पी.च्या यंत्राचा चुलता, आकडे पाऱ्याच्या इंचांत, तोरिचेल्लीच्या नळीतले इंच. आमच्या वाईला धड इंजिनाने स्लोवर पंधरा-सोळा दाखवायला हवेत. काटा अकरावर होता, स्थिर.

फट शोधायला काही लोक पेट्रोल किंवा कार्बुरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल फवारणारा माणूस मला दुसऱ्यांदा भेटू नये असं वाटतं. धाकटा देवघरातून उदबत्ती आणायला निघाला होता, धूर कुठे ओढला जातो ते बघू म्हणून. कल्पना चांगली होती, जागा वाईट. त्याला परत बोलावलं आणि हातात बागेच्या नळीचा हातभर तुकडा दिला. एक टोक कानाला, दुसरं टोक पॅकिंगच्या आणि नळ्यांच्या जवळून हळूहळू फिरवायचं, पंख्यापासून लांब राहून. डॉक्टरच. थोरलीने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि सांध्यांवर एकेक फवारा मारत गेली. फटीवर पाणी पडलं की क्षणभर फट भरते आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

पाण्याने काही सापडलं नाही. धाकट्याला सापडलं. ड्रायव्हरच्या पायासमोरच्या पत्र्यातून वायपरची रबरी नळी आत जाते, तिथे तो थांबला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "इथे सापासारखं वाजतंय." पत्र्याच्या कडेला घासून नळीला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. वायपर का मरगळला होता, त्याचंही उत्तर तिथेच मिळालं.

नळी बदलली. चाळीस रुपयांचा तुकडा. काटा साडेपंधरावर गेला. मग बोल्ट काढून व्हॉल्व्हची नळी जोडली, तर काटा परत बारावर आला आणि गाडी लंगडू लागली. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला होता, अंदाज बरोबर ठरला. इंजिन बंद करून तो काढला, कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळ्यासारखा वाजतो. हा मुका. आत काजळी अशी बसली होती जशी चुलीवरच्या भांड्याला. शेडबाहेर बसून रॉकेलमध्ये भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, परत भिजवला. तासाभराने दांडा सुटला. थोरलीने हलवून पाहिला. वाजला.

बसवून गाडी सुरू केली आणि नळी क्षणभर सुटी ठेवून धाकट्याला व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवायला सांगितला.

"आबा, ओढतंय!"

"काय सांगितलं होतं सकाळी?"

त्याने जरा विचार केला. "बाहेरून ढकलतंय."

नळी जोडली. काटा साडेपंधरावरच राहिला. कागद परत ऑइलच्या नळीवर ठेवला, तर तो टपकन चिकटला आणि मधोमध बशीसारखा आत दबला. ॲक्सिलरेटर दाबला तरी सुटला नाही. मग मी एकदम ॲक्सिलरेटर मारून सोडला. काटा शून्याजवळ कोसळला आणि उसळून बावीसच्या आसपास गेला. रिंगा खरंच गेल्या असत्या तर तो एवढा उसळला नसता. इंजिन उतरवायचं कारण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेज लांब नळीने डॅशबोर्डवर बांधलं आणि आम्ही पसरणीच्या घाटाने पाचगणीला निघालो. चढावर दोघांचे डोळे रस्त्यापेक्षा काट्यावर. ॲक्सिलरेटर दाबला की काटा पडायचा, कारण कार्बुरेटरची झडप उघडली की हवा बिनअडथळा आत येते आणि व्हॅक्यूम उरत नाही. मला आंबेनळी घाटातला एक जुलै आठवला. तरुणपणी अशीच जीप घेऊन पोलादपूरहून वर येत होतो. पाऊस असा की बॉनेट दिसेना, आणि चढावर नेमका वायपर काचेच्या मधोमध थांबला. बिघाड नव्हता. व्हॅक्यूमवर चालणारा वायपर चढावर उपाशीच राहतो. तेव्हाचे ड्रायव्हर क्षणभर पाय काढायचे, वायपर एक फेरी मारायचा, पुढचं वळण बघून घ्यायचं आणि परत पाय दाबायचा. अख्खा घाट मी तसाच चढलो होतो.

पाचगणीला टेबललँडजवळ गाडी स्लोवर ठेवली. काटा चौदाच्याही जरा खाली.

"बिघडली परत?" धाकट्याचा चेहरा उतरला.

थोरली गप्प होती. तिने मोबाइलवर वाईची उंची पाहिली, पाचगणीची पाहिली. फरक जवळजवळ दोन हजार फूट. मी एवढंच सांगितलं होतं की हजार फुटांना साधारण एक इंच जातो. ती म्हणाली, "गाडी नाही बिघडली. वरची हवा कमी झाली. आपण समुद्रात थोडे वर आलो."

मग तिने वहीत उलटं गणित मांडलं. आंबेनळी उतरून पोलादपूरला, समुद्रसपाटीजवळ, हाच काटा किती दाखवेल? तिचं उत्तर अठरा. ते तपासायला मे महिन्यात जायचं ठरलंय. काटा दर दोन-तीन सेकंदांनी अर्धा इंच टिचकी मारतो, तेही मी पाहून ठेवलं आहे. एखादा व्हॉल्व्ह मधूनमधून नीट बसत नसावा. आधी टॅपेट सेट करून बघायचे, तेवढ्याने भागलं नाही तर हेड उतरवायचं. ते त्याच सुट्टीत दोघांना शिकवेन.

परवा सकाळी पोरं मुंबईला गेली. आज मी पुठ्ठा ओढून पाहिला. दोन थेंब. फोन करून धाकट्याला आकडा सांगितला.